चार बोटं वर

आमचे हे जमिनीपासून वर गेले, ते आधी मला कळलं. यांना पत्ताच नव्हता. मी शिवणकाम करते, एकतीस वर्षं झाली, त्यामुळे माणूस दारातून आत आला की माझी नजर आधी त्याच्या पँटच्या तळाशी जाते, मग तोंडाकडे. त्या मंगळवारी हे दाढी करून बाहेर आले आणि मला वाटलं, पँट आटली. खाली चांगला चार बोटं उजेड दिसत होता. गरम पाण्यात कोणी भिजवली म्हणून मी करवादले, टाचण्या तोंडात धरल्या, दुमड सोडायला खाली बसले. बघते तर पँट बुटाला बरोबर टेकलेली. जमिनीला टेकलेले नव्हते ते बूट.

मी खालून हात घातला. हात या बाजूने त्या बाजूला गेला.

अहो, तुम्ही वर आहात, असं मी म्हटलं. यांनी खाली पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, हो. एवढंच. मग डबा घेतला आणि कामाला गेले. दार बंद करताना मात्र चौकट कपाळाला लागली.

यांचं काम काटे तपासायचं. ट्रक उभा करून तोलतात ना, तो मोठा काटा, ज्याला लोक धर्मकाटा म्हणतात, तसले शहरभरचे काटे. नावातच धर्म आहे म्हणून असेल, पण या माणसाने ते फार मनावर घेतलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेवढ्यात हे एकदाही खोटं बोललेले नाहीत. सगळ्याच बायका असं सांगतात आणि मी त्यांना हसते. पण माझं ऐका. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी विचारलं, भाजी कशी झालीय. खारट, म्हणाले, आणि पातेलं पुसून संपवली. नणंदेने केस बारीक कापून घेतले आणि हौसेने भावाला विचारलं, कशी दिसते. त्यानंतर नणंद दोन वर्षं आमच्याकडे फिरकली नाही. केस वाढले तेव्हा आली.

तर हे असे. आता वर कसे गेले, ते मास्तरांनी सांगितलं. आमच्या वरच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेले मास्तर राहतात. त्यांना ते जुनं महाकाव्य तोंडपाठ आहे. तुम्ही नळाची तक्रार घेऊन जा, ते तिथून थेट रणांगणावर उतरतात. संध्याकाळी ते आले, गुडघे टेकून बसले आणि यांच्या बुटाखालून काठी फिरवली. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. म्हणाले, लिहिलेलं खरं निघालं. त्या पाच भावांतला थोरला कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा. मग युद्धात समोर स्वतःचाच गुरू उभा राहिला, काही केल्या हरेना. त्याला सांगितलं, अमका मेला. मेला होता हत्ती, पण नाव गुरूच्या मुलाचं. हत्ती हा शब्द थोरला इतक्या हळू बोलला की ढोल-नगाऱ्यांत कुणाला ऐकूच गेला नाही. गुरूने शस्त्र टाकलं, आणि त्याच क्षणी थोरल्याचा रथ खाली आला, सगळ्यांच्या रथांसारखा चिखलात.

मी विचारलं, मग युद्ध? जिंकले, म्हणाले. आणि गुरू? मारला गेला. म्हणजे रथ वर राहिला असता तर हरले असते? मास्तर घुटमळले आणि म्हणाले की धर्माची गती फार सूक्ष्म असते. मी म्हटलं, सूक्ष्म म्हणजे किती नंबरच्या सुईएवढी, ते सांगा, मला अंदाज येईल. मास्तर रुसून वर निघून गेले.

आता माझं सांगते, कारण खरं दुखणं होतं ते इथे. थंडी सुरू झाल्यापासून माझा उजवा हात कापायला लागला होता. आधी दोरा ओवताना, मग कापड मशीनखाली सरकवताना. टीप सरळ पडत होती की नाही, मला कळेना. तुम्ही म्हणाल, एकतीस वर्षांच्या शिंपिणीला टीप दिसत नाही? दिसते हो. पण ज्या हाताने टीप घातली, त्याच माणसाच्या डोळ्याला ती सरळच दिसते. सकाळी सरळ वाटायची, दुपारी वाकडी, संध्याकाळी पुन्हा सरळ. चष्मा दोनदा बदलला. गिऱ्हाइकं छान छान म्हणून कपडे घेऊन जायची, आणि त्यातली काही परत यायची नाहीत.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. खरं सांगणारा माणूस घरातच, आणि नेमकं त्यालाच मी विचारू शकत नव्हते. दुसऱ्या कुणी वाकडी म्हटलं तर भांडता येतं, तुला काय कळतंय म्हणता येतं. यांनी वाकडी म्हटलं की संपलं. मग पुढची खोली रिकामी करायची, मशीन झाकून ठेवायचं आणि मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांचे कपडे बघायचे. मला दुसरं काही येत नाही. येतच नाही, उगाच नम्रपणा म्हणून सांगत नाही. त्यामुळे चार महिने मी तो प्रश्न गिळून बसले होते, आणि यांच्यासमोर हात एप्रनच्या खिशात ठेवत होते.

वर गेलेल्या माणसाचा संसार सोपा नसतो, बरं का. फरशी पुसताना पाय वर घ्या म्हणायचं काम राहिलं नाही, तेवढा एक फायदा. बाकी जिना संपला तरी हे एक नसलेली पायरी चढायचे. खुर्चीत बसले तरी खुर्चीपासून चार बोटं वर. झोपले की गादीपासून चार बोटं वर, आणि पांघरूण दोन्ही बाजूंनी लोंबायचं, मधून वारा. कोपऱ्यावरचा चांभार येऊन विचारून गेला की साहेब आमच्यावर रागावले आहेत का, टाच झिजतच नाही. रस्त्यावर लोक थांबून बघायला लागले, तेव्हा मी यांच्या सगळ्या पँटींची दुमड सोडली आणि त्या पार जमिनीपर्यंत लांब केल्या. निदान फट तरी झाकली गेली.

कामावर वेगळीच गंमत. यांची पद्धत अशी की मोठी वजनं ठेवून झाली की शेवटी स्वतः काट्यावर उभं राहायचं. यांचं वजन बहात्तर किलो, वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे ताळा पडतो. आता हे उभे राहिले की काटा शून्य दाखवायचा. दुसरा कुणी असता तर त्याने काटे बिघडलेले ठरवले असते. यांनी अहवालात लिहिलं, काटा बरोबर, तपासनीस चुकीचा. असे अकरा अहवाल गेले, तेव्हा साहेबांना जाग आली.

साहेब आले, बघितलं, आणि हरखलेच. त्यांचं म्हणणं असं की खात्याकडे किलोचं प्रमाण आहे, मीटरचं प्रमाण आहे, काचेच्या कपाटात ठेवलेलं, सगळ्या वजनांची शेवटची तुलना त्याच्याशीच. पण खरेपणाचं प्रमाण जगात कुठल्याच खात्याकडे नाही. तर यांची नेमणूक प्रमाण म्हणून करायची. मुख्य कचेरीत काचेची खोली, दारावर पाटी, काम काही नाही, नुसतं वर राहायचं. ज्याला कुणाला आपलं बोलणं तपासून घ्यायचं असेल त्याने यांच्यासमोर येऊन बोलायचं.

पहिले आठ दिवस हे ओशाळलेले होते, मी खोटं कशाला सांगू. नवव्या दिवशी मान जराशी मागे गेली. खोलीची गोष्ट निघाल्यावर तर आरशासमोर वेळ लागायला लागला. पाटीवर अक्षरं कोरलेली असावीत की रंगवलेली, असं एकदा मला जेवताना विचारलं. सव्वीस वर्षं काट्यांच्या खड्ड्यात उतरून ग्रीस पुसणारा माणूस, कधी कुणी शाबास म्हटलेलं नाही. यांना ती खोली किती हवी होती ते मला दिसत होतं. चार बोटांवरून का होईना, माणूस खाली बघायला शिकतो.

नेमणुकीआधी समिती तपासणी करणार होती. साहेब आणि दोन सदस्य, एक जाडे, एक बारीक. पहिली बैठक चार बोटं म्हणजे कुणाची बोटं यावरच मोडली. जाड्या सदस्याच्या बोटांनी मोजलं तर हे पावणेचार भरत, बारीक सदस्याच्या बोटांनी पाच. मास्तरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की ग्रंथात बोटांचा मालक दिलेला नाही. शेवटी यांचीच बोटं धरायची असं ठरलं, आणि त्या हिशेबाने हे बरोबर चार भरले. त्यावर टाळ्या झाल्या.

दुसरी बैठक शुक्रवारी अकरा वाजता माझ्या शिवणाच्या खोलीत. कारण काय, तर फट उघडी दिसायला हवी होती आणि मी पँट लांब करून ठेवलेली. म्हणून समितीसमोरच मी दुमड वर घेऊन टाचण्या लावाव्यात. मी लावल्या. टेबलावर बँडमास्तरांचा लाल कोट पडला होता, बारा वाजता ते न्यायला येणार होते. पाठीची मधली शिवण मी आदल्या दिवशी तीनदा घातली होती आणि तीनदा उसवली होती. चौथ्यांदा घातली तेव्हा उजेड गेला होता, म्हणून नीट बघितलीही नव्हती. बघितली असती तरी काय कळणार होतं म्हणा.

तपासणीचा नियम असा की उमेदवाराला खोटं बोलावंसं वाटेल असा प्रश्न विचारायचा. साहेबांनी सुरुवात केली. मी अधिकारी म्हणून कसा आहे, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, सही करण्याआधी वाचत नाही. फट जशीच्या तशी. साहेब म्हणाले, उत्तम, पण हे कागदावर घेऊ नका. जाड्या सदस्यांनी विचारलं, कधी दुसऱ्याचं काही हवंसं वाटलं का. हे म्हणाले, तुमची खुर्ची, पावसाळ्यात, खड्ड्यात पाणी साचतं तेव्हा. तरी वरच. मग मास्तर पुढे झाले, त्यांना कोण थांबवणार. त्यांनी त्याच महाकाव्यातला दुसरा एक साधू काढला. त्याचंही व्रत होतं, खरंच बोलायचं. काही माणसं जिवाच्या भीतीने त्याच्यासमोरून रानात पळाली, मागून लुटारू आले, कुठे गेली विचारलं, आणि साधूने बोट दाखवलं. माणसं मारली गेली. साधू मेल्यावर नरकात गेला, ते खरं बोलल्याबद्दल. तुम्ही काय केलं असतं, मास्तरांनी विचारलं.

यांनी खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, माहीत नाही. पाय हलले नाहीत, म्हणजे खरंच माहीत नव्हतं.

समितीला यात मजा वाटली नाही. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, वहिनी, तुम्हीच विचारा काहीतरी. बाहेरच्यांशी खरं बोलणं सोपं, कसोटी घरच्या माणसापुढे लागते. मी म्हटलं, मला काही विचारायचं नाही, सव्वीस वर्षांत सगळं विचारून झालंय. साहेब ऐकेनात, एक प्रश्न म्हणजे एक प्रश्न, नियमच आहे.

तेव्हा हे माझ्याकडे बघून हसले. चार बोटांवरून, अगदी मायेने. म्हणाले, "विचार की गं. मी खरं तेच सांगेन."

तिथेच माझं डोकं फिरलं. खरं तेच सांगेन म्हणे. तेच तर भय आहे ना, मेल्या जिवाला दुसरं कसलं भय होतं चार महिने? मी कोट उचलला, उलटा केला आणि पाठीची शिवण यांच्या नाकासमोर धरली. खिशातून हात काढले ते विसरूनच. कोट थरथरत होता, त्याची सोनेरी बटणं एकमेकांवर वाजत होती.

"ही शिवण सरळ आहे का?" मी विचारलं.

बारीक सदस्य म्हणाले की प्रश्न फार किरकोळ आहे, जरा वजनदार विचारा. कुणी लक्ष दिलं नाही. यांनी कोट माझ्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी नेला. गळ्यापासून खाली शिवणीवरून बोट फिरवायला लागले. माझं लक्ष त्या बोटावर. ते बोट सरळ येत होतं, मग जरासं उजवीकडे गेलं, परत आलं, आणि कमरेपाशी चांगलं डावीकडे वळलं. यांनी बघितलं. वजनमापवाले ते, केसाएवढं वाकडं चुकत नाही त्यांच्या नजरेतून. मग यांनी मान वर केली आणि माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पुन्हा खिशात घातले होते, पण खिसाही हलत होता.

साहेबांनी घड्याळ बघितल्याचं आठवतं.

"सरळ आहे," हे म्हणाले.

आणि खाली आले. ट्रक काट्यावर चढतो तेव्हा होतो तसा आवाज झाला. टेबलावरची कात्री उडाली, टाचण्यांचा डबा सांडला, साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. हे दोन्ही पायांवर उभे, गुडघे जरा वाकलेले, कोट छातीशी धरलेला.

मग नुसता गोंधळ. जाडे सदस्य खाली बसून बुटाखाली बोट घालून बघायला लागले, जात नव्हतं. साहेबांना काही उमगेना. एवढे टोकाचे प्रश्न पचवलेला माणूस कोटाच्या शिवणीवर घसरतो कसा? त्यांना वाटलं, फरशीचा दोष असेल. यांना दुसऱ्या खोलीत चालवून बघितलं, टप टप आवाज आला. बारीक सदस्यांनी लिहून घेतलं की किरकोळ प्रश्नामुळे उमेदवार खाली आला, नेमणूक रद्द करावी. मास्तरांना मात्र समजलं होतं. त्यांनी हत्तीबद्दल बोलायला तोंड उघडलं, मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा मास्तरांनी गोष्ट सुरूच केली नाही. सगळे गेले.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. हे उभेच होते.

"दमलो होतो," हे म्हणाले. "वर राहून राहून पाय भरून येतात."

हे दुसरं खोटं. सव्वीस वर्षांत एक नाही आणि पाच मिनिटांत दोन, तीही किती कच्ची. लहान मूलसुद्धा बरं बोललं असतं. मला हसू आलं आणि ते मध्येच रडण्यात गेलं. राग आला होता, का येऊ नये? शिवण वाकडी होती, हे आता यांच्या पायांनी भर समितीसमोर सांगून टाकलं होतं. लपवायला गेले आणि दवंडी पिटून बसले. पण ती खोली, ती पाटी, ज्याच्यासाठी हा माणूस आरशासमोर उभा राहत होता, ते सगळं यांनी माझ्या एका कोटावरून ओवाळून टाकलं होतं, आणि त्याचं मला इतकं बरं वाटत होतं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. माझ्यावर इतकं प्रेम आजवर कुणी केलेलं नाही. यांनीही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बँडमास्तर होते, निघालोय म्हणत होते. फोन यांनी घेतला. म्हणाले, चार वाजता या, ती जरा बाहेर गेलीय. मी समोर उभी. आवाजात काप नाही, चेहऱ्यावर काही नाही, आणि बँडमास्तरांनी बरं म्हणून ठेवलासुद्धा. तिसरं खोटं साफ जमलं होतं. तेव्हा मी घाबरले, कारण हे शिकत होते, आणि भराभर शिकत होते. जे विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं होतं.

"किती वाकडी आहे?" मी विचारलं. "खरं सांगा."

यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या मशीनशेजारी बसले, खरोखर बसले, स्टूल करकरलं. कोट मांडीवर पसरला. "दोन ठिकाणी," हे म्हणाले. "खांद्याखाली थोडी आणि कमरेपाशी. बाकी चांगली आहे. उसवून पुन्हा घाल, कापड मी ताणून धरतो. दोघांनी मिळून केलं तर अजून पुष्कळ वर्षं होईल."

मी सवयीने खाली पाहिलं. पाय फरशीवर सपाट होते, सगळ्या जगाचे असतात तसे. दोनच ठिकाणी की जास्त, खरंच पुष्कळ वर्षं की मला बरं वाटावं म्हणून, पायांवरून काहीच कळत नव्हतं आणि आता कधी कळणारही नव्हतं. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं, विश्वास ठेवला आणि खांद्यापासून उसवायला घेतलं.